घर, शाळा आणि एक रुपया

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आई, रागावू नकोस. यंदा आम्ही त्याला शाळेत पाठवणार नाही. घरीच शिकवायचं ठरवलंय."

मी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. वर्गात हजेरी घेताना एखादं नाव आठ दिवस 'गैरहजर' लागलं की त्या मुलाच्या घरी जाऊन उभी राहणारी मी. उसाच्या फडातून, जनावरांच्या मागून, लग्नाच्या मांडवातून मुलंमुली परत वर्गात आणण्यात माझी उमेद गेली. आणि आता माझ्याच घरातलं, माझंच नऊ वर्षांचं नातवंड शाळेतून काढलं जाणार होतं. मी फोन ठेवला आणि दोन दिवस लेकीशी बोलले नाही.

माझ्या रागाला एक कारण होतं. ते माझ्या नोकरीपेक्षाही जुनं आहे.

एका रुपयाची गोष्ट

आमच्या घराण्यात अक्षर आलं ते एका रुपयाच्या भीतीने. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळी शेतमजुराच्या घरात रुपया म्हणजे थोडी रक्कम नव्हती. माझे आजोबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. पणजोबांचं म्हणणं असं, की पोरगं म्हसरांमागं गेलं तर चार पैसे वाचतात, शाळेत गेलं तर काय मिळणार? पण दंडाची दवंडी ऐकली आणि निमूटपणे त्यांनी मुलाला शाळेत नेऊन बसवलं. "महाराजांच्या रुपयानं मला शहाणं केलं," असं आजोबा म्हातारपणी हसत सांगायचे.

पण गंमत बघा. त्याच आजोबांनी पुढे स्वतःच्या मुलीला, म्हणजे माझ्या आईला, चौथीनंतर शाळेतून काढलं. शब्द अगदी हेच होते, "आता घरातच शिकू दे." घरात ती शिकली म्हणजे भाकरी थापायला, शेण लावायला, धाकट्या भावंडांना खेळवायला शिकली. पाचवीची पुस्तकं तिने भावाच्या पाठीमागे उभं राहून वाचली. 'घरी शिकणं' या दोन शब्दांचा अर्थ मला लहानपणापासून असा माहीत होता. लेकीच्या तोंडून तेच शब्द आले तेव्हा मला आईच आठवली.

राग ओसरल्यावर मात्र इतिहासाच्या शिक्षिकेने डोकं वर काढलं. म्हटलं, बघू तरी, आपल्या या मुलखात घरी कोण शिकलं, कसं शिकलं, आणि त्याचं पुढे काय झालं. त्या शोधाची ही गोष्ट आहे.

ओसरीवरची विद्या

शाळा ही गोष्ट आज इतकी सवयीची झाली आहे, की ती कायमचीच आहे असं वाटतं. पण दीड-दोनशे वर्षांपूर्वी बहुतेक शिक्षण घरात किंवा घराला लागूनच होत होतं. कुणाच्या तरी ओसरीवर पंतोजी बसायचे. धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवायची. पाढे, पावकी, निमकी, दिडकी मोठ्याने म्हणायची. कुलकर्ण्याचा मुलगा बापाशेजारी बसून मोडी वळणं आणि जमाखर्च शिकायचा, पुरोहिताचा मुलगा संथा घ्यायचा, सोनाराचा मुलगा फुंकणी धरायचा.

हे चित्र गोड वाटतं, पण त्यात एक मेख आहे. घर मुलाला तेवढंच शिकवू शकत होतं, जेवढं घराला येत होतं. कुलकर्ण्याच्या घरात अक्षर होतं, म्हणून मुलाला अक्षर मिळालं. ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या अक्षराला मज्जावच होता, त्याच्या मुलाला घराने काय द्यावं? आणि ज्या घरात अक्षर होतं, तिथेही ते मुलीच्या वाट्याला येत नव्हतं.

म्हणून महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास शाळेच्या फाटकापाशी सुरू होत नाही, तो घरातच सुरू होतो. जोतिराव फुल्यांनी सावित्रीबाईंना आधी घरी शिकवलं आणि मग १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचं बालपण आपल्या कोल्हापुरात गेलं, त्यांचे वडील इथे नोकरीला होते. त्या रानड्यांचा १८७३ साली रमाबाईंशी विवाह झाला, तेव्हा रमाबाई जेमतेम अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. माधवरावांनी घरातच शिकवायला सुरुवात केली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचलं नाही. दिवसभर त्या बायकांचे टोमणे ऐकायचे आणि रात्री धडे गिरवायचे, अशी त्यांची शाळा चालली. त्याच रमाबाईंनी पुढे पुण्यातल्या सेवासदनाचं काम उभं केलं आणि 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहिलं. मराठी आत्मकथनात त्याचं स्थान आजही पक्कं आहे.

कोल्हापूरहून गेलेलं पत्र

घरच्या शाळेची सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थिनी मात्र आनंदीबाई जोशी. आणि तिच्या कथेचं एक महत्त्वाचं पान कोल्हापुरात उलगडतं, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं.

कल्याणची ही यमुना १८६५ साली जन्मली. नवव्या वर्षी तिचं लग्न पोस्टात कारकुनी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी झालं. गोपाळराव वयाने खूप मोठे. बायको शिकलीच पाहिजे, या एका कल्पनेने त्यांना झपाटलं होतं. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या आणि प्रत्येक बिऱ्हाडात ही शाळा मांडली गेली. विद्यार्थिनी एक आणि मास्तरही एकच.

कोल्हापुरात असतानाच, १८७८ साली, गोपाळरावांनी एक पत्र लिहिलं. ते होतं वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला. वाइल्डर यांनी अनेक वर्षं कोल्हापुरात काम केलं होतं आणि ते नुकतेच अमेरिकेला परतले होते. बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेत काही सोय होईल का, अशी विचारणा त्या पत्रात होती. वाइल्डर यांनी ते आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू' या मासिकात छापलं. धर्मांतराची तयारी नसल्याने मदत काही मिळाली नाही. पण दोन वर्षांनी न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे गेल्या. तिथे ताटकळत बसल्या असताना तो जुना अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईला पत्र लिहिलं. त्या पत्रातून ओळख वाढली, ओळखीतून मावशी-भाचीचं नातं जुळलं, आणि १८८३ साली आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीत चढली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिला मिळाली.

इथपर्यंतची कथा आपण कौतुकाने सांगतो. पण मी वर्गात ती सांगायची तेव्हा एक भाग चटकन उरकून पुढे जायची. आज तो सांगते. गोपाळराव शिकवताना मारत. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली म्हणून मारत. दहा-बारा वर्षांच्या वयात अंगावर भिरकावलेल्या लाकडांच्या ढलप्यांची, पुस्तकांची, खुर्च्यांची आठवण आनंदीबाईने पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात करून दिली आहे. त्याच पत्रव्यवहारात त्यांच्याविषयीची कृतज्ञताही आहे. दोन्ही खरं आहे. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं आणि दहा दिवसांत ते गेलं. तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं, ते या दुःखातून.

शाळेत मास्तराने मारलं, तर मूल संध्याकाळी आईच्या कुशीत येऊन रडतं. घरच मास्तराचं असेल, तर मुलाने जायचं कुठे? घरच्या शाळेला सुट्टीची घंटा नसते. एवढी मोठी विद्यार्थिनी घडवणाऱ्या त्या घराकडे पाहताना मला हा प्रश्न पडतो.

कथेचा शेवटही कोल्हापूरशीच येऊन थांबतो. इथल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून संस्थानाने आनंदीबाईची नेमणूक केली होती. पण १८८६ च्या अखेरीस ती मायदेशी आली ती क्षयाने खंगूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली. अजून बावीस पुरी व्हायची होती. ते हॉस्पिटल म्हणजे आजचं आपलं सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. त्याच्या फाटकावरून रिक्षाने जाताना मला नेहमी वाटतं, की या पायऱ्या एक पोरगी चढणार होती आणि चढायची राहून गेली.

सोनतळीची शाळा

आता शाहू महाराजांकडे येऊ. एक रुपया दंड लावणारा हा राजा स्वतः कसा शिकला? कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव १८८४ साली दत्तक आला तेव्हा दहा वर्षांचाही नव्हता. काही वर्षं राजकोटच्या राजकुमार कॉलेजात काढली. पण खरं शिक्षण झालं ते १८९० ते १८९४ या काळात धारवाडला, स्टुअर्ट फ्रेझर या शिक्षकाच्या हाताखाली. तिथे रूढ अर्थाने वर्ग नव्हता. सोबतीला धाकटा भाऊ बापूसाहेब. पुस्तकांबरोबरच देशभराचा प्रवास आणि राज्यकारभाराची ओळख हाही अभ्यासाचाच भाग होता. मोजके विद्यार्थी, जीव लावणारा शिक्षक आणि वहीबाहेरचं जग, असं ते शिक्षण होतं. आज घरी शिकवणारे पालक ज्या गोष्टी हौसेने सांगतात, त्या बहुतेक सगळ्या धारवाडला होत्या.

असं शिक्षण मिळालेल्या माणसाने प्रजेसाठी मात्र शाळा निवडली, आणि तीही सक्तीची. कारण प्रत्येक घरात फ्रेझर नसतो, हे त्यांना नेमकं कळलं होतं. खेड्यातलं पोर घर सोडून शहरात शिकायला आलं तर राहणार कुठे, म्हणून त्यांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' म्हणतात ते त्यामुळेच. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. १९१९ साली तर अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांनी एकाच शाळेत बसावं, असा हुकूम निघाला. घराने जे शिकवलं होतं, म्हणजे कोण वरचा आणि कोण खालचा, ते पुसायला घराबाहेरची जागाच हवी होती.

पण याच राजाला एकदा स्वतःच्या घरातच शाळा मांडावी लागली. १२ जून १९१८ रोजी धाकटे राजपुत्र शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. लग्नाला वर्षच झालं होतं. सून इंदुमतीदेवी अकरा वर्षांच्या. राजघराण्यातली बालविधवा म्हणजे पडदा, सोवळं आणि उरलेलं सगळं आयुष्य चार भिंतींत. महाराजांनी ते होऊ दिलं नाही. वाड्यापासून दूर, सोनतळीच्या आपल्या मुक्कामावर त्यांनी सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था केली. शिक्षक नेमले. एकटीने शिकू नये म्हणून सोबतीला इतर मुली ठेवल्या. विरोध खुद्द घरातून झाला. पण महाराज हटले नाहीत. सुनेने डॉक्टर व्हावं, अशी त्यांची इच्छा होती. आनंदीबाईचं नाव त्यांच्या मनात असेल का? असेलही.

१९२२ साली महाराज गेले. सून डॉक्टर होऊ शकली नाही. पण १९२५ साली त्या मॅट्रिक झाल्या, आणि पुढे कोल्हापुरातल्या मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी स्वतः संस्था उभ्या केल्या.

सोनतळीचा विचार करताना मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ती शाळा घरची होती, पण ती घराच्या रूढीतून मुलीला सोडवण्यासाठी होती. आणि त्या शाळेत मैत्रिणी होत्या. दुःखात बुडालेल्या अकरा वर्षांच्या मुलीला व्याकरणाइतकीच मैत्रिणींची गरज असते, हे एका राजाच्या लक्षात आलं होतं.

हात शिकतात ते

माझा हा सगळा इतिहास ऐकून जावई म्हणाले, "आई, तुम्ही फक्त अक्षराचं बोलताय. कोल्हापूरने जगाला जे दिलं, ते शाळेत कुठे शिकवलं जात होतं?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कलामहर्षी बाबूराव पेंटर १८९० साली कोल्हापुरात जन्मले. शालेय शिक्षण बेताचं. वडील कृष्णराव मेस्त्री हे कारागीर. घरातल्या कारखान्यात हत्यारं, लाकूड, लोखंड, रंग यांच्या संगतीत बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव वाढले. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता दोघांनी चित्रपटाचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, तरी बाबूरावांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा तयार केला. त्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' निघाला, तो १९२० साली पडद्यावर आला. त्यांच्या हाताखाली शांताराम, दामले, फत्तेलाल तयार झाले. मराठी चित्रपटाची एक अख्खी पिढी अशा रीतीने एका मेस्त्रीच्या कारखान्यातून निघाली.

किंवा उस्ताद अल्लादिया खाँसाहेब घ्या. शाहू महाराजांच्या पदरी ते कोल्हापुरात राहिले. मुलगे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ घरातच तयार झाले. पहाटेपासून कानावर पडणारा सूर हीच त्यांची बालवाडी. पण खाँसाहेबांची विद्या घरात अडकून पडली नाही, म्हणूनच ती मोठी झाली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या गोव्याकडच्या बायका त्यांच्याकडे शिकल्या. भुर्जी खाँसाहेबांकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले.

मी जावयांना म्हटलं, "खरंय. पण आता चप्पल घ्या." कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला अभिमान वाटला. ती कला शेकडो वर्षं घरातच शिकली गेली. बाप कातडं कापतो, आई वेणी घालते, मूल बघून बघून शिकतं. किती सुंदर शिक्षण! पण त्या मुलाला चप्पल सोडून दुसरं काही शिकायची मुभा होती का? नव्हती. कारागिराचं घर शाळा होतं, तसंच ते कुंपणही होतं. चांभाराच्या मुलाला बॅरिस्टर व्हायचं असेल, तर त्याला घराबाहेरचीच वाट हवी.

जावई यावर थोडा वेळ गप्प राहिले.

घरी शिकवण्याच्या प्रयोगात थोरामोठ्यांचीही फसगत झाली आहे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांना शाळेत घातलं नाही, स्वतःच शिकवायचं ठरवलं. सार्वजनिक कामाच्या धबडग्यात हवा तेवढा वेळ देता आला नाही, आणि मुलांच्या मनात त्याची खंत राहिली, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणी लिहिलं आहे. थोरला हरिलाल तर शिक्षणाच्या प्रश्नावरूनच वडिलांपासून दुरावत गेला. तत्त्व बापाचं आणि किंमत मुलाची, असा प्रसंग कुठल्याही घरात येऊ शकतो.

एकेचाळीस फूट सात इंच

लेकीकडे मी ऑगस्टमध्ये गेले ती परीक्षा घ्यायच्या तयारीनेच. आठ दिवस राहिले. मला वाटलं होतं, मुलगा दिवसभर लोळत असेल किंवा संगणकापुढे बसलेला असेल. तसं नव्हतं. सकाळी दोन तास वही-पुस्तक. मग बापाबरोबर कपिलतीर्थ मार्केटला भाजी. पिशवी याच्या हातात, हिशेबही याच्याकडे. पाव किलो गवार, अर्धा किलो वांगी, शंभराच्या नोटेतून परत किती. मला माझी पावकी-निमकी आठवली.

पावसाने जोर धरला होता. कोल्हापूरकरांना ऑगस्टमधला पाऊस म्हटलं की पंचगंगा आठवते, आणि २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्यांना झोप लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फुटांना इशारा पातळी, त्रेचाळीसला धोका पातळी. नातू रोज सकाळ-संध्याकाळ पातळी वहीत लिहून ठेवायचा आणि चौकटीच्या कागदावर आलेख काढायचा. एक दिवस त्याने '४१ फूट ७ इंच' हे आलेखावर '४१.७' असं मांडलं. मग स्वतःच थबकला. "आजी, फुटात बारा इंच असतात ना? मग सात इंच म्हणजे पॉइंट सात कसं होईल?" पाऊण तास तो त्यातच गुंतला. शेवटी उत्तर काढलंच. मी पाचवी-सहावीच्या कितीतरी वर्गांत दशांश अपूर्णांक शिकवताना सहकाऱ्यांना बघितलं आहे. इतक्या जिवाभावाने तो कुणी शिकल्याचं मला आठवत नाही.

त्या संध्याकाळी मी लेकीला म्हटलं, "शिकतोय गं पोरगा. पण पुढं काय?"

तिने नीट विचार केला होता. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. पण न केल्यास पालकाला कसलीही शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवणाऱ्यांना त्या कायद्यात वेगळी जागाही नाही. महाराजांचा रुपया त्यात नाही, एवढं माझ्या लक्षात आलं. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा आहे. खासगीरीत्या दहावीला बसणाऱ्यांसाठी आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म आहेच. शेतात राबणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, शाळा सुटलेल्या कितीतरी माणसांनी तो भरून दहावी गाठली आहे. आता शिकल्या-सवरल्या घरातली मुलंही त्याच वाटेने जाऊ पाहतात.

"आणि सोबत?" मी विचारलं. "सोनतळीला मैत्रिणी होत्या."

लेक म्हणाली, "ते मात्र कमी पडतंय, आई. कबूल करते."

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा दीड-दोन वर्षं राज्यातलं प्रत्येक घर शाळा झालं होतं. तेव्हा आपण पाहिलं, ज्या घरात दोन खोल्या, एक मोबाइल आणि शिकलेली आई होती, तिथे मूल तरलं. जिथे यातलं काही नव्हतं, तिथे मूल वाचायलाही विसरलं. घर ही काही सगळ्यांना सारखी मिळालेली गोष्ट नाही. शाळा निदान सारखी असावी, अशी अपेक्षा तरी आपण ठेवू शकतो.

पाटावरची दोघं

लेकीकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींची मुलगी साधारण नातवाएवढीच. महापालिकेच्या शाळेत जाते. त्या आठ दिवसांत पावसामुळे तिच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून आईबरोबर यायची. पहिल्या दिवशी दारातच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी नातवाने तिला आलेख दाखवला. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या शेजारी पाटावर बसून पाढे म्हणत होती. एकोणतीसचा पाढा तिला अडखळल्याशिवाय येत होता, याला येत नव्हता. याला पंचगंगेचा उगम, पाच नद्यांची नावं माहीत होती. तिला पाणी वाढलं की कुठल्या गल्लीत आधी शिरतं, हे माहीत होतं, कारण २०२१ साली त्यांचंच घर पाण्यात गेलं होतं.

एकदा नातू तिला सहज म्हणाला, "तू पण घरीच शिक की. मजा असते."

ती पाटीवरची मान वर न करता म्हणाली, "नगं बाबा. घरी ऱ्हायलं की पाणी भरा, बारक्याला सांभाळा. शाळेत गेलं की कोण काम सांगत न्हाई."

स्वयंपाकघरात मी आणि लेक दोघीही ऐकत होतो. लेकीने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. माझी आई बोलली होती, सत्तर-ऐंशी वर्षांनी.

नातू अजून घरीच शिकतो. मी आता त्याला विरोध करत नाही. पण लेकीला मी एक अट घातली आणि तिने ती मान्य केली. रोज संध्याकाळी पाच ते सात घराचं दार उघडं. ती मुलगी येते, तिची धाकटी बहीण येते, गल्लीतली आणखी तीन-चार येतात. सगळ्यांचा गृहपाठ एकत्र होतो, भांडणंही होतात. मी गेले की इतिहास सांगते. परवा महाराजांच्या एक रुपयाची गोष्ट सांगितली.

ती मुलगी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आजी, दंड आता पण ठेवायला पायजे होता."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)